झारीकाकांचा हात

झारीकाकांनी उभं आयुष्य आभाळात लोकांना पेट्रोल वाढलं आणि घरी ताट मात्र एकाचंच मांडलं. उभं आयुष्य म्हणायचं ते आपली बोलायची पद्धत म्हणून; काकांनी ते पालथं पडून काढलं. आणि हे त्यांच्यासमोर म्हणालात तर ताटाबद्दल ते अवाक्षर काढणार नाहीत, पण पेट्रोल हा शब्द लगेच दुरुस्त करतील. विमानात पेट्रोल नसतं, रॉकेलच्या जातीचं इंधन असतं. झालं, संपलं बोलणं.

लढाऊ विमानाचं पोट लहान आणि भूक दांडगी. लांबच्या कामगिरीवर निघालं की अर्ध्या वाटेत घशाला कोरड. मग एक भलंथोरलं टँकर विमान पुढे उडत राहतं, त्याच्या शेपटीखालून एक लांबलचक पोकळ दांडा खाली सुटतो, तहानलेलं विमान मागून, खालच्या अंगाने हळूहळू जवळ येतं, आणि कुणीतरी त्या दांड्याचं टोक त्याच्या पाठीवरच्या तोंडात नेमकं बसवतं. दोन्ही विमानं सुसाट, मध्ये सोसाट्याचा वारा. नेम चुकला तर दांडा सरळ पायलटच्या डोक्यावरच्या काचेत. तर ते कुणीतरी म्हणजे आमचे काका. झारी हे नाव त्यांना कुणी ठेवलं हे विमानतळावरच्या कँटीनवाल्यालाही ठाऊक नाही, म्हणजे कुणालाच ठाऊक नाही असं समजा.

जुन्या टँकरमध्ये हे काम शेपटीतल्या खोबणीत पालथं पडून करायचं असे. हनुवटीखाली गादीचा एक तुकडा, समोर काच, उजव्या हातात दांड्याची मूठ. तोंड कायम मागे. सगळं जग नाकासमोर चालतं, काका शेपटीसमोर चालले. आपण कुठे निघालोय हे त्यांना कधी दिसलं नाही; कुठून आलो तेवढं दिसायचं, आणि तेही ढगांनी झाकलेलं. त्या काचेसमोर एकेक विमान यायचं. इतकं जवळ यायचं की पायलटच्या शिरस्त्राणावरचा ओरखडाही दिसावा. रेडिओवर तो विचारायचा, "जवळ येऊ का?" काका म्हणायचे, "ये." पोट भरलं की काका म्हणायचे, "मोकळा. जा." की तो निघाला. पुन्हा तोंडही दाखवायचा नाही.

आणि जमिनीवर गंमत बघा. हेच पायलट कँटीनच्या रांगेत काकांच्या पुढे उभे असत आणि त्यांना ओळखत नसत. ओळखणार कसे? काका त्यांच्यासाठी एक शेपटी होते आणि एक आवाज. एक पायलट होता, बोलण्याआधी घसा खाकरायची त्याला सवय. सगळे त्याला खाकरेसाहेब म्हणत. खरं आडनाव काही वेगळंच होतं. तो एकदा रांगेत पुढे उभा राहून खाकरला आणि काकांनी त्याला तत्काळ ओळखलं. बोलले मात्र नाहीत. कँटीनवाल्याने नंतर छेडलं तेव्हा म्हणाले, आता त्याला काय म्हणणार, ये?

घरचं म्हणाल तर बायको होती. म्हणजे आहे, फक्त तिथे नाही. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून दुसऱ्या गावी गेली ती नातू शाळेत जायला लागला तरी परतली नाही. यावर वसाहतीतल्या बायकांनी पुष्कळ कल्पना लढवल्या. कुणी म्हणालं भांडण झालं, कुणी म्हणालं काकांचा स्वभाव, एकीने तर काकांना एक प्रेमप्रकरणही बहाल केलं, ते बिचाऱ्यांच्या कानावर पोचलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. खरी गोष्ट अगदीच अळणी होती. काका महिन्यातले कितीतरी दिवस बाहेर, उरलेले दिवस घरात असून नसल्यासारखे. ती तिकडे गेली, आणि इकडे काही बिघडलं नाही. तिकडेही बिघडलं नाही. दोघांनाही वाटलं, समोरचा बोलावील किंवा समोरचा येईल. दर रविवारी जेवणाच्या वेळी फोन व्हायचा. भाजी काय केली, पाणी आलं का, गुडघा कसा आहे. फोन ठेवताना काका म्हणायचे, बरं. तीही म्हणायची, बरं.

तर अशा या घडी बसलेल्या संसारात नवं टँकर विमान आलं.

नव्या विमानात खोबणीच नव्हती. काकांची जागा पुढे, पायलटच्या पाठीमागे, खुर्चीवर. शेपटीला कॅमेरे, समोर पडदा, डोळ्यांवर जाड चष्मा. चष्मा लावला की पडद्यावरचं विमान अंगावर आल्यासारखं दिसायचं. काकांना पहिल्या दिवशी खुर्चीत पाठ दुखली. इतकी वर्षं पोटावर काढलेल्या माणसाला बसून काम करणं म्हणजे आजारपणच. तेही अंगवळणी पडलं. मग कळलं की दांडा चालवायचाच नाहीये. आता यंत्रच दांडा चालवणार. कॅमेरा समोरच्या विमानाचं तोंड शोधणार, यंत्र हिशेब करणार, दांड्याचे छोटे पंख आपोआप वळणार, टोक तोंडात बसणार, इंधन सुटणार, पोट भरलं की दांडा परत. पायलटशी बोलायलाही नको. टँकरच्या पोटाखालचे हिरवे-तांबडे दिवे सांगणार, ये आणि जा. माणसाने फक्त बघायचं. डाव्या हाताचा अंगठा एका बटणापाशी ठेवायचा, काही विपरीत दिसलं की दाबून दांडा सोडवायचा. उजव्या हाताशी मूठ होती, पण ती अडीअडचणीला. तिला जरा धक्का लागला की यंत्र समजणार, माणसाला कारभार हवा आहे, आणि मुकाट्याने बाजूला होणार.

हे सगळं बसवायला एक इंजिनीअर मॅडम आल्या होत्या. हुशार, कमी बोलणाऱ्या, चहात साखर दोनदा घालणाऱ्या. पहिली चाचणी झाली. खाकरेसाहेबांचं विमान मागून आलं, दिवे हिरवे झाले, दांडा आपोआप खाली उतरला, टोक तोंडापाशी पोचलं, आणि ऐनवेळी यंत्र बाजूला झालं. पडद्यावर अक्षरं उमटली की माणसाने ताबा घेतला आहे. काका चक्रावले. दांडा त्यांनीच बसवून टाकला, सवयीनं, छान बसला, पण चाचणी फुकट गेली.

खाली उतरल्यावर मॅडमनी चित्रफीत दाखवली. टोक तोंडाजवळ आलं की दांडा किंचित खाली झुकतो आणि पुन्हा वर येतो. त्याच क्षणी मूठ हललेली. त्यांनी विचारलं, मूठ का हलवलीत? काका म्हणाले, नाही हलवली. आणि त्यांच्यापुरतं ते शंभर टक्के खरं होतं. दुसऱ्या चाचणीत ते डोळ्यांत तेल घालून बसले. मूठ जपली, पोळल्यासारखी बोटं सैल ठेवली. तरी तेच. तोंडाजवळ आलं, दांडा झुकला, यंत्र बाजूला.

मग काय, विमानतळावर तोंडांना काही कामं लागतातच. म्हातारा खोडा घालतोय. यंत्र नापास झालं की याची खुर्ची शाबूत. झारीकाकांचे झारीतले शुक्राचार्य झाले, आणि हे नाव ज्याला सुचलं तो इतका खूश झाला की दिवसभर प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगून आला. जो माणूस जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात नीट घास घालत आला, तोच झारीच्या तोटीत बसून पाणी अडवतोय म्हणे. काकांना नोकरीची काळजी नव्हती. यंत्र पास झालं तर आज ना उद्या खुर्ची जाणारच होती, नापास झालं तर वयाने जाणार होती. पण आपण मुद्दाम अडवलं असं म्हणवून घेत जायचं? मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं, "काका, हात मध्ये घातला म्हणा. आम्ही काही करणार नाही. पुढची चाचणी धाकट्या ऑपरेटरला देऊ, विषय संपला."

"घातला नाही, तर घातला कसा म्हणू?" काका म्हणाले, आणि साहेबांच्या टेबलावरच्या काचेत स्वतःचा उजवा हात बघत उभे राहिले.

त्या रविवारी काका फोन करताना जेवायला घेत होते. एकट्या माणसाचं जेवण म्हणजे एका हातात फोन, एका हातात डाव. बायकोला त्यांनी कधी नव्हे ते सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. सांगायला दुसरं कुणी नव्हतं हेच कारण असावं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही आत्ता वाढून घेताय का?"

काका म्हणाले, हो.

"डाव खाली गेला का आधी एकदा?"

काकांनी हाताकडे पाहिलं. डाव पातळ भाजीने भरलेला, ताटावर. तो आत्ताच एकदा हलकेच झुकून वर आला होता, आणि आता वाढायला निघाला होता.

"लग्न झाल्यापासून बघतेय मी," ती म्हणाली. "ताटाला नमस्कार केल्याशिवाय तुमचा डाव रिकामा होत नाही. मला आधी वाटायचं, माझ्यासाठी करता. मग बघितलं, पाहुण्यांनाही करता, मांजरालाही करता."

काकांनी डाव तसाच परत पातेल्यात ठेवला. आणि मग त्यांना वस्ताद आठवले. नोकरीच्या अगदी सुरुवातीला, त्या खोबणीत शेजारी पडून शिकवणारे. परक्याच्या डोक्यावर एवढा मोठा दांडा न्यायचा, तर आधी मान लववावी, असं ते म्हणायचे. टोक जरासं खाली, मग वर, मग आत. समोरच्याला कळलं पाहिजे की दांड्यामागे माणूस आहे. पुस्तकात हे कुठेच नव्हतं. काका शिकले, करू लागले, आणि मग विसरून गेले. ते विसरले, हात विसरला नाही. जित्याची खोड म्हणतात ती ही.

फोन ठेवल्यावर त्यांनी भाजी वाढून घेतली. पुन्हा डाव झुकला. एवढ्या मोठ्या घरात एक माणूस, आणि तो आपल्याच ताटापुढे मान लववतोय. काकांना हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं, कारण हसून बघायला समोर कुणी नव्हतं.

सोमवारी त्यांनी मॅडमना कँटीनमध्ये गाठलं. म्हणाले, हात माझाच होता. मुद्दाम नव्हता. आणि सगळा नमस्काराचा प्रकार सांगितला. मॅडम साखर ढवळत राहिल्या. काकांना वाटलं, पटत नाही. त्यांनी पाण्याचा जग उचलला आणि मॅडमच्या पेल्यात पाणी ओतलं. जग आधी झुकला, मग वर आला, मग पाणी पडलं.

"बघितलंत?" काका म्हणाले.

"बघितलं," मॅडम म्हणाल्या. "पण आत्ता तुम्ही मुद्दाम केलंत ना, काका?"

आणि हे मात्र खरंच होतं. आता मुद्दाम केलं होतं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. जी गोष्ट नकळत होते ती कळल्यावर दाखवता येत नाही, आणि दाखवता येते ती खरी राहत नाही. कँटीनवाला मध्ये पडला, म्हणाला हे चहाही असाच ओततात. पण कँटीनवाल्याच्या शब्दावर तर चहात साखर आहे की नाही हेही कुणी मानत नसे.

मॅडमनी चहा संपवला. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, तिसरी चाचणी धाकट्याला दिली आणि ती पास झाली, तर लोक काय म्हणतील ते तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्हीच करा. काकांनी चाचरत विचारलं, यंत्राला ते मान लववणं शिकवता येईल का? मॅडमनी नकारार्थी मान हलवली. टोक काचेच्या इतक्या जवळ असताना विनाकारण एक हालचाल वाढवायची नाही. काकांना ते पटलं. वस्तादांनाही पटलं असतं बहुतेक. पण त्यांनी ते ऐकलं नसतं.

नियमात डाव्या अंगठ्याची जागा ठरलेली होती. उजवा हात कुठे ठेवायचा याबद्दल एक ओळ नव्हती. इतकी वर्षं उजव्या हाताचं घर एकच होतं, लिहायचं काय? तिसऱ्या चाचणीच्या दिवशी काकांनी खुर्चीत बसल्यावर उजवा हात सरळ मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. शाळेत खोड्या काढणाऱ्या पोराला बसवतात तसे. मॅडम शेजारी होत्या. त्यांनी पाहिलं, आणि पडद्याकडे तोंड वळवलं.

ढगांच्या वर लख्ख ऊन होतं. चष्म्यात खाकरेसाहेबांचं विमान खालून उगवल्यासारखं वर आलं. बोलायची गरज नव्हती, तरी रेडिओवर खाकरणं ऐकू आलं आणि मागोमाग, "जवळ येऊ का?" काकांच्या जिभेवर शब्द आला. ताकीद होती, दिवेच बोलतील. काकांनी ओठ मिटले. दिवा हिरवा झाला.

विमान जवळ आलं. दांडा उतरला, पंख फडकल्यासारखे थोडे वळले, टोक लांब होत गेलं. काकांनी कबूल केलं, मनातल्या मनात, की हे काम स्वच्छ आहे. वाऱ्याच्या झोताला आपण उशिरा आवरलं असतं, यंत्राने आधीच आवरलं. टोक तोंडापाशी आलं. काचेच्या मागे शिरस्त्राण, त्यावरचा ओळखीचा ओरखडा.

आणि मांडीखाली हात झुकला. एकदाच, मनगटातून, खाली आणि वर. काकांना तो अंगाच्या ओझ्याखाली स्पष्ट जाणवला. अडवायचा प्रयत्नही करायला वेळ नव्हता. कुणी पाहिलं नाही. दांड्याला कळलं नाही. दांडा सरळ आत गेला आणि बसला.

इंधन सुटलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मॅडमनी रोखलेला श्वास सोडला तो काकांना ऐकू आला. पोट भरलं, टोक सुटलं, दिवा तांबडा झाला. म्हणजे जा. विमान गेलं नाही. थोडं मागे सरलं आणि तिथेच राहिलं, दारात चपला घालताना पाहुणा घुटमळतो तसं. रेडिओवर खाकरणं आलं.

"आज नमस्कार नाही वाटतं?"

काकांनी मॅडमकडे पाहिलं. रेडिओ सगळ्यांच्या कानात होता. मॅडमच्या, पुढच्या दोघा पायलटांच्या, खाली नोंद घेणाऱ्यांच्या.  मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हळूच मान डोलावली, की बोला.

"नेहमी दिसायचा?" काकांनी विचारलं.

"दिसणार नाही तर काय. त्याशिवाय कुणी वाढल्यासारखं वाटायचं नाही. आज विसरलात?"

 मांडीखालचा हात आता बधिर झाला होता.

"आज मी नव्हतो," ते म्हणाले. "मोकळा. जा."

विमान एका अंगावर कललं आणि ढगात उतरलं.

खाली आल्यावर चाचणी पास झाल्याची बातमी काकांच्या आधी कँटीनमध्ये पोचली होती, आणि नमस्काराची बातमी तिच्याही आधी. ज्याने शुक्राचार्य नाव ठेवलं होतं त्यानेच पहिला चहा पाजला, आणि मला तर पहिल्यापासून ठाऊक होतं, असं चारचौघांत सांगितलं. मोठ्या साहेबांनी हात पुढे केला. काकांनी उजवा दिला, त्याला अजून मुंग्या येत होत्या. सगळे छान बोलले. आणि त्या बोलण्यातच हेही आलं की पुढच्या उड्डाणांना बघायला धाकटा पुरेल. काकांनी आता आराम करावा. काकांचं नाव धुऊन निघालं होतं. धुतलेली वस्तू वाळत घालतात, तसे काका घरी आले.

घरी येऊन त्यांनी कपडे बदलले, खिडकी उघडली, पाणी प्यायले. मग रविवार नसताना बायकोला फोन लावला. तिने उचलताच विचारलं, गुडघा का? काका म्हणाले, नाही. पास झालं. हात मांडीखाली होता. ती म्हणाली, म्हणजे केलाच असणार त्याने. काका म्हणाले, केला.

मग नेहमीचं सगळं बोलून झालं. भाजी, पाणी. ती बरं म्हणायच्या बेतात होती हे काकांना कळलं, कारण त्याआधी ती एक श्वास घ्यायची. इतक्या वर्षांत आलेल्या प्रत्येकाला काकांनी ये म्हटलं होतं. स्वतः कुणाच्या मागे जाऊन उभं राहायचं, जवळ जायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकायचं वयही सरलं होतं. वाक्य मात्र पाठ होतं.

"जवळ येऊ का?" काका म्हणाले.

पलीकडे घेतलेला श्वास बरं न म्हणताच सुटला. मग ती म्हणाली, "थांबा जरा. लेकीला विचारते. पाहुण्यांची खोली सध्या जावयाच्या आईकडे आहे."

थांब म्हणजे नको नव्हे, हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार? आभाळात रांग लागली की ते स्वतःच सांगायचे, पंखाच्या बाजूला थांब. आणि पायलट थांबायचा, इंधनाचा काटा खाली उतरताना बघत, कुरकुर न करता. फोनमधून नातवाचा आवाज आला, मग कुठलंतरी दार लागल्याचा. उन्हं खिडकीतून जेवणाच्या टेबलावर, तिथून जमिनीवर आली. काकांनी घसा खाकरला आणि फोन कानाला लावून तसेच थांबून राहिले.